मुलीला अमेरिकेत पाठवायचं का, आणि मामाचं कितपत खरं मानायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीचं पुण्यात बायोटेक झालंय, मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत एपिडेमिऑलॉजीच्या (साथरोगशास्त्राच्या) पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालीये, आणि तिचा सख्खा मामा, जो २२ वर्षं इथे अमेरिकेत आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या पोस्टवर आहे, तो म्हणतोय की अजिबात पाठवू नका, इथल्या युनिव्हर्सिट्या, औषध कंपन्या आणि सरकार यांचं साटंलोटं आहे, लसींबद्दलचं खरं दाबून ठेवलं होतं ते आता कुठे बाहेर येतंय. तर शिकलासवरलेला माणूस असं कसं बोलतो, आणि मुलीचं काय करायचं, हे दोन प्रश्न.

मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रँट ऑफिसात, म्हणजे संशोधनाला मिळणारा निधी सांभाळणाऱ्या ऑफिसात, १९ वर्षं आहे. प्रोफेसर नाही, शास्त्रज्ञ नाही, बजेटच्या एक्सेल शीट तपासणारी बाई आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूने काय दिसतं ते सांगते, बाकीचं इथे राहून जे कळलं ते.

आधी मामा. तो शिकलेला असून असं बोलतो असं तुम्ही म्हणता, मला तर वाटतं शिकलेला आहे म्हणूनच इतकं पद्धतशीर बोलू शकतो. येलच्या डॅन कहान यांचा २०१२ चा एक अभ्यास आहे, हवामान बदलावर. त्यात ज्यांचं विज्ञान-गणित चांगलं होतं त्यांच्यात एकमत जास्त असेल असं आपल्याला वाटतं ना, तर उलट त्यांच्यातच दोन गटांमधली दरी जास्त निघाली. म्हणजे हुशार माणूस आपल्या गटाची बाजू जास्त हुशारीने लढवतो, एवढंच. आणि या देशात आता गट दोनच, तुम्ही कुठला पक्ष मानता यावरून तुम्ही कुठली लस घेणार हे ओळखता येतं अशी वेळ आलीये. मामा ज्या लोकांत उठतो-बसतो, गाडीत जे पॉडकास्ट ऐकतो, तिकडे हेच चालतं.

दुसरं म्हणजे साटंलोटं हा शब्द त्याने हवेतून काढलेला नाही, हे मान्य करा, नाहीतर त्याच्याशी बोलताच येणार नाही. अलाबामात टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांना अभ्यासात धरून ठेवलं, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, आजार पुढे कसा वाढतो ते बघत बसले. ही कुजबुज नाही, बिल क्लिंटन यांनी १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून माफी मागितलेली आहे. मग ऑक्सिकॉन्टिन, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी. पर्ड्यू फार्माने १९९६ ला ती गोळी बाजारात आणली, सवय लागत नाही असं डॉक्टरांना पटवलं, २००७ ला कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २०२० ला परत एकदा.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर राहतात. बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे करायच्या आधी आमचा साफ करून देतात, १२ वर्षं झाली, पैसे काढले तर रागावतात. कोविडची लस घेतली नाही, फ्लूची घेत नाहीत, सीडीसीचं, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं, नाव काढलं की हात झटकतात. मी बरीच वर्षं मनातल्या मनात त्यांना अडाणी म्हणत होते, खोटं कशाला बोलू. मग एकदा उन्हाळ्यात गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते तेव्हा सांगितलं, मुलगा गोडाऊनमध्ये पाठीवर पडला, डॉक्टरांनी त्याच गोळ्या लिहून दिल्या, तीन वर्षांत मुलगा गेला. बाटली अजून ठेवलीये त्यांनी, रेंचच्या ड्रॉवरमध्ये, लेबलसकट. डॉक्टरचं नाव, फार्मसीचं नाव, दिवसातून दोनदा जेवणानंतर. म्हणाले, हे मी रस्त्यावरून आणलं नव्हतं. यावर मी काय बोलणार होते? काही बोलले नाही.

पण तिथून पुढे मामाची गाडी रूळ सोडते. हे एका ठिकाणी खोटं बोलले म्हणून सगळीकडे खोटंच बोलतात, आणि जो कोणी त्यांच्या विरुद्ध बोलतो तो खरं बोलतो, हे दुसरं जास्त घातक. लस आणि ऑटिझमचं सगळं भूत जिथून सुरू झालं तो ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा १९९८ चा पेपर, फक्त १२ मुलांवरचा, २०१० मध्ये छापणाऱ्या मासिकानेच मागे घेतला. आणि गंमत बघा, लस कंपन्यांवर दावे लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डनेच पैसे घेतलेले होते. साटंलोटंच शोधायचं तर हे घ्या की, पण हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

या अविश्वासाचं बिल कोण भरतं? २०२५ च्या जानेवारीत वेस्ट टेक्सासच्या गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला. तिथे बालवाडीतल्या साधारण ८२ टक्के मुलांनाच एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) झालेली, गोवर अडवायला ९५ टक्के लागतात. ऑगस्टमध्ये साथ संपली असं जाहीर झालं तेव्हा टेक्सासमध्ये ७६२ केसेस झाल्या होत्या आणि दोन शाळकरी मुली गेल्या होत्या, दोघींनाही लस नव्हती. हा देश २००० सालीच गोवरमुक्त म्हणून जाहीर झाला होता बरं का. त्यात आरोग्यमंत्री केनेडी टीव्हीवर कॉड लिव्हर ऑइल आणि व्हिटॅमिन एचं कौतुक करत होते, मग लबकच्या हॉस्पिटलात गोवरासाठी आलेल्या काही मुलांच्या लिव्हरवर व्हिटॅमिन एच्या जादा डोसचा परिणाम झालेला सापडला. आईबापांनी प्रेमानेच पाजलं असणार. मुंबईत २०२२ ला गोवंडीत गोवर आला होता तेव्हाच्या बातम्या आठवत असतील तुम्हाला, तिथे दाटीवाटी, कुपोषण, कोविडमध्ये चुकलेले डोस असं सगळं होतं. इथे मोफत लस आणि मोटारीने जायला क्लिनिक असून ही तऱ्हा.

केनेडींना सिनेटने १३ फेब्रुवारी २०२५ ला ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजुरी दिली. त्यांच्याच बाजूचे एकटे मिच मॅककॉनेल विरोधात गेले, त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. बिल कॅसिडी म्हणून लुइझियानाचे सिनेटर, स्वतः लिव्हरचे डॉक्टर, ते अडून बसले होते, मग काही आश्वासनं घेऊन हो म्हणाले, त्यातलं एक असं की सीडीसीच्या साइटवरचं ‘लसींमुळे ऑटिझम होत नाही’ हे वाक्य काढायचं नाही. नोव्हेंबरमध्ये सीडीसीने काय केलं? वाक्य ठेवलं, शेजारी एक चांदणी टाकली, आणि खाली लिहिलं की सिनेटरसाहेबांना शब्द दिलाय म्हणून हे शीर्षक काढलेलं नाही, आणि वर मजकुरात लिहिलं की हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही. आपल्याकडे इन्शुरन्सच्या कागदावर बारीक अक्षरात असतं ना, अटी लागू, तसलं, आणि हे आईबापांनी वाचायचं पान. मी ते पान उघडून कितीतरी वेळ त्या चांदणीकडे बघत होते.

त्याआधी जूनमध्ये लसींवर सल्ला देणाऱ्या समितीचे सगळेच्या सगळे १७ सदस्य काढले. ऑगस्टमध्ये अटलांटाला सीडीसीच्या इमारतींवर एकाने गोळीबार केला, कोविडच्या लसीने आपल्याला आजारी पाडलं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, एक पोलीस अधिकारी मारला गेला. सप्टेंबरमध्ये ट्रम्पनी गरोदर बायकांना टायलेनॉल घेऊ नका सांगितलं, टायलेनॉल म्हणजे आपली क्रोसिन हो, तेव्हा माझ्या भाचीने नाशिकहून रात्री फोन केला होता, सातवा महिना होता तिला. आता कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, हवाई यांनी लसींच्या सल्ल्यासाठी आपली वेगळी आघाडी केलीये आणि फ्लोरिडा म्हणतंय शाळेची सक्तीच काढून टाकू. राज्य ओलांडलं की सल्ला बदलतो, तर लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

आता पैसा, तुमच्या मुलीचा खरा प्रश्न हा आहे. एनआयएचकडून, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, प्रोफेसरला ग्रँट मिळते तेव्हा वर युनिव्हर्सिटीला एक टक्केवारी मिळते, तिला इनडायरेक्ट कॉस्ट म्हणतात. मामा याला ‘कट’ म्हणत असेल, हार्वर्डचा दर ६९ टक्के असं कुठेतरी वाचलं असेल, ते खरं आहे. पण ते म्हणजे काय ते मी रोज बघते. उणे ८० डिग्रीचा फ्रीझर रात्री दोनला बंद पडतो, अलार्म वाजतो, कोणीतरी येऊन नमुने हलवतं, त्या माणसाचा पगार, त्या फ्रीझरची वीज, घातक कचरा नेणारा, माणसांवरचे प्रयोग तपासणारी समिती, हे सगळं त्यातून. हो, त्याच टस्कीगीमुळे असल्या समित्या सक्तीच्या झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी नोटीस आली की सोमवारपासून सरसकट १५ टक्के. आमच्याकडे त्या वीकेंडला कोणी झोपलं नाही. कोर्टाने ते थांबवलं. पण मंजूर झालेल्या ग्रँट अर्ध्यात रद्द होण्याचे मेल येत राहिले, हे काम आता आमच्या प्राधान्यात बसत नाही अशा एका ओळीचे. मॅसॅच्युसेट्सच्या यूमॅस चॅन मेडिकल स्कूलने तर त्या मार्चमध्ये दिलेल्या पीएचडी अ‍ॅडमिशन मागे घेतल्या.

युनिव्हर्सिट्या बिचाऱ्या निष्पाप असंही मी म्हणणार नाही. गॅलपच्या पाहणीत २०१५ ला ५७ टक्के लोकांचा उच्च शिक्षणावर भरवसा होता, २०२३ ला ३६ वर आला, २०२५ ला थोडा वर येऊन ४२. फी वाढवत नेल्या, गावातल्या माणसाशी बोलणं सोडलं. माझे शेजारी आमच्या कॅम्पसपासून सहा मैलांवर राहतात आणि फुटबॉलची मॅच सोडून कधी आत गेलेले नाहीत, कोणी बोलावलंच नाही.

तर पाठवायचं का. पीएचडी असेल आणि फंडिंग लेखी असेल तर मी पाठवीन. तिला सांगा प्रोफेसरला सरळ मेल कर, लाजू नको, विचार की माझा स्टायपेंड कुठल्या ग्रँटमधून आहे, ती कधी संपते, आणि ती रद्द झाली तर डिपार्टमेंट मला टीएशिप (शिकवण्यात मदतीचं पगारी काम) देऊन किती वर्षं सांभाळेल. चांगला प्रोफेसर आठवड्याभरात नीट उत्तर देतो. जो गोलगोल बोलतो किंवा गप्प बसतो, त्याची लॅब सोडा, युनिव्हर्सिटीचं नाव कितीही मोठं असो. लसी, हेल्थ इक्विटी (आरोग्यातली विषमता) असल्या विषयांत आत्ता जास्त धोका आहे, आकडेशास्त्राकडे झुकणारं काम असेल तर पुढे दुसरीकडेही वळता येतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या एक लाख डॉलरच्या फीने घाबरून जाऊ नका, इथेच शिकत असलेल्याने व्हिसाचं स्टेटस बदललं तर ती लागू नाही असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झालाय, नियम बदलतात तेव्हा लक्ष ठेवा इतकंच. पण पीएचडीऐवजी घर गहाण ठेवून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करायचा विचार असेल तर आत्ता नको. आरोग्य खात्याने २०२५ मध्ये माणसं ८२ हजारांवरून ६२ हजारांवर आणायचं ठरवलं, त्या बाहेर पडलेल्या अनुभवी लोकांशी तिची नोकरीसाठी गाठ पडेल.

मामाशी वाद घालू नका, लिंक तर अजिबात पाठवू नका. त्याला विचारा की तुझ्या मुलांना एमएमआर दिलीस का. बहुतेक दिली असेल, दोन्ही डोस, वेळेवर.

आणि हो, इथे युनिव्हर्सिटी तिच्याकडेही दोन एमएमआरचा पुरावा मागेल, नसेल तर रजिस्ट्रेशनवर होल्ड लागतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आत्ताच शोधायला घ्या, आजीच्या ट्रंकेत वगैरे बघा. नाहीच सापडलं तर रक्ताची अँटीबॉडी टेस्ट चालते, किंवा परत दोन डोस, पण मध्ये निदान २८ दिवस लागतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाच्या आधी हे करा.