अमेरिकेत भाड्याच्या घरात इमोशनल सपोर्ट कुत्रा ठेवायला ऑनलाइन सर्टिफिकेट चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सनीव्हेलला नवीन अपार्टमेंट बघताय, तिथे २५ पौंडांच्या वरचा कुत्रा चालत नाही, तुमचा लॅब्रॅडोर ७० पौंडांचा, तुम्हाला अँग्झायटीचा त्रास आहे आणि एका वेबसाइटवर ८९ डॉलरमध्ये ईएसए, म्हणजे इमोशनल सपोर्ट ॲनिमल, मनाच्या त्रासात आधार देणारा प्राणी, असं रजिस्ट्रेशन मिळतंय ते घेऊ का. आणि वर, पुढच्या वर्षी पुण्याला परत गेलो तर असा कुत्रा ठेवायचा हक्क तिकडे चालेल का.

नका घेऊ. मी घेतलंय म्हणून सांगते.

मी नाशिकची, इकडे सॅन होजेला ११ वर्षं झाली. मे २०२१ मध्ये बाबा कोविडने गेले, तेव्हा भारतातून अमेरिकेत यायला बंदी लागलेली, व्हिसा स्टॅम्पिंग बंद, मी तिकडे गेले असते तर परत कधी येता येईल काही सांगता येत नव्हतं, म्हणून सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं. त्यानंतर मला रात्री दोन-अडीचला छातीत धडधडून जाग यायला लागली, मग ऑफिसच्या मीटिंगमध्येही, मग तर एकटीने कॉस्टकोला जायचं बंद झालं. थेरपिस्ट सुरू केली. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास शेल्टरमधून एक भगवा बोका आणला, नाव भोपळ्या. तो रात्री पायाशी झोपायचा, मी दचकून उठले की येऊन छातीवर बसायचा, आणि पाच किलोचं धूड छातीवर असलं की श्वास आपोआप सावकाश होतो, हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

२०२२ मध्ये घर बदलायची वेळ आली आणि नवीन बिल्डिंग नो पेट्स. मी काय केलं, गुगल केलं, पहिल्या दिसलेल्या साइटवर १२ प्रश्नांची उत्तरं दिली, कार्ड स्वाइप केलं, आणि चार दिवसांत घरी एक सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, भोपळ्याच्या फोटोचं आयडी कार्ड आणि एक लाल जॅकेट आलं. ते सगळं घेऊन लीजिंग ऑफिसला गेले. तिथल्या बाईने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, यात सगळं तुमच्या मांजराबद्दल लिहिलंय, तुमच्याबद्दल काहीच नाही. मला तेव्हा राग आला, पण बाई बरोबर होती आणि मला अख्खा कायदा तिच्या त्या एका वाक्यातून कळला.

कारण हा हक्क प्राण्याचा नाहीच. तो तुमचा आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट, त्यात १९८८ साली डिसेबिलिटी घातली, आणि तेव्हापासून घरमालकाला असं बंधन आहे की डिसेबिलिटी असलेल्या माणसाला ते घर इतरांसारखं वापरता यावं म्हणून नियमात वाजवी सूट द्यायची, इथे त्याला रीझनेबल अकोमोडेशन म्हणतात. नो पेट्स हा एक नियम, वजनाची मर्यादा हा एक नियम, अमुक जातीचा कुत्रा नको हाही नियमच, आणि सूट यातूनच मागायची असते. ईएसए प्राण्यांचं सरकारी रजिस्टर वगैरे असलं काही अमेरिकेत अस्तित्वातच नाही, त्यामुळे जे रजिस्ट्रेशन तुम्हाला विकतायत ते कशात रजिस्टर करतायत हे त्यांनाच विचारा. हाउसिंगचं केंद्रीय खातं, ज्याला सगळे हड म्हणतात, त्यांनी जानेवारी २०२० च्या नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं की पैसे भरून चार प्रश्नांवर मिळालेलं असलं सर्टिफिकेट एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. असल्या नोटिसा सरकार बदललं की बदलतात, काढूनही घेतात, त्यामुळे त्यावर फार टेकू नका, मूळ कायदा आणि कॅलिफोर्नियाचे स्वतःचे नियम यांच्यावर टेका.

तर लागतं काय, तर तुम्हाला ओळखणाऱ्या लायसन्सवाल्या माणसाचं पत्र. थेरपिस्ट, सायकियाट्रिस्ट, साधा फॅमिली डॉक्टरसुद्धा चालतो जर तो तुमच्यावर उपचार करत असेल. पत्रात एवढंच असतं की ही माझी पेशंट आहे, हिला अशी स्थिती आहे जिच्यामुळे रोजच्या जगण्यातल्या मोठ्या गोष्टी, म्हणजे झोप, काम, बाहेर पडणं, यावर खरोखर मर्यादा येते, आणि या प्राण्यामुळे त्या लक्षणांना आराम पडतो. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. मालक निदान विचारू शकत नाही, गोळ्यांची यादी मागू शकत नाही, मेडिकल रेकॉर्ड मागू शकत नाही. माझं पत्र जेमतेम अर्धं पान होतं, लेटरहेडवर, खाली लायसन्स नंबर.

आता तुमच्या कामाचं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून एबी ४६८ नावाचा कायदा आहे, त्याप्रमाणे पत्र देणाऱ्याकडे कॅलिफोर्नियाचं लायसन्स पाहिजे, त्याने तुमची नीट तपासणी केलेली पाहिजे आणि पत्राच्या आधी किमान ३० दिवस तुमची त्याच्याशी पेशंट म्हणून ओळख पाहिजे. व्हिडिओवर भेटलात तरी चालतं, पण आज भेटलो आणि उद्या पत्र हे नाही. गंमत म्हणजे हा कायदा शब्दशः फक्त कुत्र्यांसाठी लिहिलाय, मांजरांना तो लागू नाही, पण माझी थेरपिस्ट तोच नियम सगळ्यांना लावते आणि मला वाटतं बरोबर करते. तुमचा तर लॅबच आहे, तेव्हा तुम्हाला महिना लागणारच. तुम्ही अजून कुणाला दाखवलं नसेल तर आज अपॉइंटमेंट घ्या, लीज संपायच्या आठवड्यात नको.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पत्रात डिसेबिलिटी हा शब्द असतो. मी तो वाचला आणि दोन दिवस ते पत्र पुढे पाठवलंच नाही. नवरा म्हणाला, तू कुठे अपंग आहेस. सासूबाईंना तर सांगितलंच नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं मांजराला डॉक्टरची चिठ्ठी कशाला, मांजर तर आपल्याकडे वाड्यात अशीच यायची. आपल्याकडे तो शब्द म्हणजे व्हीलचेअर, इथल्या कायद्यात तो शब्द म्हणजे रोजचं जगणं अडतंय, बास. मला मीटिंगमध्ये श्वास घेता येत नव्हता, म्हणजे अडत होतंच की. तुम्हाला एच-वन व्हिसा वगैरेची भीती असेल, मला होती, तर ते पत्र फक्त लीजिंग ऑफिसला जातं, कंपनीला कळवायचा त्यात काही संबंध नाही.

आणि उलट बाजूही सांगते, नुसतं कुत्र्यावर खूप प्रेम आहे, त्याच्याशिवाय करमत नाही, म्हणजे हा हक्क लागू होत नाही. तुम्ही अँग्झायटी लिहिलंय, ती किती आहे हे मला माहीत नाही आणि मी ठरवणारी कोण, ते डॉक्टर ठरवेल. पण पेट रेंट, म्हणजे प्राण्यासाठी घेतात ते जादा भाडं, वाचवायला म्हणून पत्रं जमवणारे मी बघितलेत, एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कोण स्वस्तात देतं याची चर्चा चाललेली, आणि त्यांच्यामुळे प्रत्येक मॅनेजर खऱ्या माणसाकडेही चोराकडे बघावं तसं बघतो.

मागायचं कसं, तर साधी ईमेल. ठरावीक फॉर्म लागत नाही, मालकाने फॉर्म दिला तरी तोच भरा अशी सक्ती करता येत नाही, नोटरी बिटरी तर अजिबात नाही. लीज साइन करायच्या आधी मागा, नंतर मागा, राहायला गेल्यावर मागा, कधीही चालतं, मी म्हणेन घराचा अर्ज मंजूर झाल्यावर आणि सही करायच्या आधी. सगळं लेखी ठेवा, फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळी मेल टाका. हड साधारण १० दिवसांत उत्तर द्यावं म्हणायचं, मला सहाव्या दिवशी होकार आला.

पैशांचं नीट समजून घ्या. पेट डिपॉझिट नाही, पेट फी नाही, महिन्याचं पेट रेंट नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो पेटच नाही. पण नुकसान केलं तर ते तुमच्या नेहमीच्या डिपॉझिटमधून जाणार. भोपळ्याने बेडरूमचे ब्लाइंड्स फाडले, निघताना त्याचे पैसे कापले गेले आणि ते योग्यच होतं. कुत्रा कॉरिडॉरमध्ये पट्ट्याशिवाय सोडणं, घाण न उचलणं, रात्रभर भुंकणं याला पत्र ढाल होत नाही. फक्त लॅब मोठा आहे किंवा पिटबुल दिसायला भयंकर आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, त्या ठरावीक कुत्र्याने प्रत्यक्षात काही केलंय का ते बघावं लागतं.

हा हक्क सगळ्याच घरांना नाही हेही बघा, आपली मंडळी इथेच फसतात. केंद्राच्या कायद्यात चार किंवा कमी युनिटची बिल्डिंग असेल आणि मालक त्यातल्याच एकात राहत असेल तर त्या मालकाला हे बंधन नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा कडक आहे, तिथे मालक सुटतो तो फक्त स्वतः राहत असलेल्या घरात एकच भाडेकरू ठेवला असेल तर. म्हणजे फ्रीमाँटला कुणा काकांच्या घरात एक खोली घेऊन राहणार असाल तर काकांपुढे पत्र नाचवून उपयोग नाही, काकूंना कुत्रा आवडतो का ते बघा. याउलट युनिव्हर्सिटीची घरं सुटत नाहीत. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसने एका विद्यार्थिनीला तिचा चार पौंडांचा मिनिएचर पिन्शर ठेवू दिला नव्हता, सरकारने केस केली, २०१३ मध्ये कोर्ट म्हणालं की हाउसिंगचा कायदा विद्यापीठाच्या घरांनाही लागू आहे, आणि २०१५ मध्ये १,४०,००० डॉलरवर मिटलं. एवढुसा कुत्रा, एवढे पैसे.

मॅनेजरने उगाच नाही म्हटलं किंवा नुसतंच लटकवून ठेवलं तर एक वर्षाच्या आत राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे किंवा हडकडे तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही. पण आधी एक शांत मेल लिहून बघा, बऱ्याचदा समोरच्याला नियमच माहीत नसतो.

घराबाहेर मात्र हे पत्र म्हणजे साधा कागद. रेस्टॉरंट, दुकान इथे वेगळा कायदा, एडीए, म्हणजे अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज ॲक्ट, त्यात ट्रेनिंग दिलेला सर्व्हिस डॉगच येतो. लाल जॅकेट घालून ईएसएला सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत जेल. विमानातही ११ जानेवारी २०२१ पासून एअरलाइन्सना ईएसए घ्यायचं बंधन राहिलेलं नाही, त्यामुळे तुमचा लॅब पुण्याला जाईल तो कार्गोतून, आणि त्याआधी भारताच्या ॲनिमल क्वारंटाइनची एनओसी काढावी लागेल, त्याची तयारी आधीपासून करा.

आता पुणं. भारतात ईएसए अशी कायदेशीर वर्गवारीच नाही, म्हणजे इथलं पत्र तिथे दाखवून काही होणार नाही. पण तिथे बाजू दुसरीकडून भक्कम आहे. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक सांगतं की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, कुत्रा लहान की मोठा असा भेद नाही, भुंकतो हे बंदीचं कारण नाही, लिफ्ट वापरू देत नाही असंही नाही. तिथे तुम्हाला आजारी असल्याचं सिद्ध करावंच लागत नाही, हे मला खरं तर जास्त आवडतं. फक्त हे सगळं सोसायटीसमोर. तुम्ही भाड्याने राहणार असाल तर फ्लॅटमालकाचं वेगळं, तो लीव्ह अँड लायसन्समध्ये कुत्रा नको असं कलम टाकू शकतो आणि बरेच टाकतात. एजंट म्हणेल चालतंय हो, कोण बघतंय, त्यावर जाऊ नका, लॅब्रॅडोर आहे असं करारात लिहून घ्या आणि महापालिकेचं लायसन्स पहिल्या महिन्यातच काढा.