ऑप-अँपचे वर्तनात्मक मॉडेल रचताना

नवी मुंबईतील महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील कामात तुम्ही नुकतेच आला आहात, म्हणून सुचवतो की स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये) ऑप-अँपमधील, म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर या सिग्नल वाढवणाऱ्या चिपमधील, प्रत्येक ट्रान्झिस्टर मांडण्याचा आग्रह प्रथम सोडावा. त्याचे बाहेरून दिसणारे वर्तन मोजक्या घटकांत बसवता येते, हे १९७४ साली बॉयल व सहकाऱ्यांच्या मॅक्रोमॉडेलने (मोजक्या घटकांच्या सोप्या मॉडेलने) दाखवून दिले आहे.

७४१ या प्रसिद्ध ऑप-अँपचेच उदाहरण घ्या. ०.२ अँपिअर प्रति व्होल्टचा व्होल्टेज-नियंत्रित करंट सोर्स, त्याला समांतर १ मेगओहमचा रोध आणि सुमारे ३२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की २ लाखांचा गेन, ५ हर्ट्झजवळचा पोल (ज्या वारंवारतेपासून गेन घटू लागतो ती) आणि १ मेगाहर्ट्झची गेन-बँडविड्थ (गेन आणि त्या वारंवारतेचा गुणाकार) हाती येते. पुढे एक बफर (आधीच्या भागावर भार न टाकणारा टप्पा) आणि आउटपुट रोध पुरेसा आहे.

खरी फसगत इथून पुढे होते, कारण हे मॉडेल पूर्णतः रेषीय असल्याने २० किलोहर्ट्झची १० व्होल्ट शिखराची साइन लहर ते निर्धास्तपणे देते. तिला सुमारे १.२६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेग लागतो आणि ७४१चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, जेमतेम ०.५ आहे. म्हणून सोर्सचा करंट सुमारे १६ मिलिअँपिअरला मर्यादित करावा, मात्र तीक्ष्ण कोपऱ्याने नव्हे, तर हायपरबोलिक टॅन्जंटने, म्हणजे हळूहळू सपाट होणाऱ्या वक्राने. कोपऱ्यापाशी सिम्युलेटर अडखळतो आणि कन्व्हर्जन्स (गणिताचे उत्तरापर्यंत पोहोचणे) बिघडतो.

सप्लायच्या मर्यादा आउटपुटला अवश्य लावा. नंतर ठाण्याहून लोकलने मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन खरी चिप आणावी आणि चिपला व मॉडेलला एकच स्क्वेअर वेव्ह देऊन ऑसिलोस्कोपवरचे आउटपुट मॉडेलशी ताडावे.