टी पेशींच्या आखाड्यात

‘टी-बेट हा टीएच-१चा आणि गाटा-३ हा टीएच-२चा मास्टर’ असं पुस्तकात आहे. मग एकाच पेशीत दोन्ही सापडतात ते कसे? (बीएस्सीची विद्यार्थिनी, मिरज)

टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; टीएच-१ हा त्यांचा क्षयासारख्या जंतूंशी लढणारा प्रकार, टीएच-२ ॲलर्जीकडे झुकणारा. टी-बेट आणि गाटा-३ ही त्यांच्यातली जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. ‘मास्टर’ हा शब्द मात्र मला कधीच पटला नाही. पेशीत कुणा एकाचा कारभार नसतो. क्षयाचे जंतू आले की इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्यूकिन-१२ या पेशींच्या रासायनिक निरोपांच्या इशाऱ्यावर स्टॅट-१ आणि स्टॅट-४ हे निरोप केंद्रकात नेणारे हरकारे जागे होतात आणि टी-बेट वाढतो. तरी गाटा-३ थोडाफार उरतोच. टी पेशी मुळात घडायलाच तो लागतो. मग टी-बेट काय करतो? थेट गाटा-३ला बिलगतो आणि डीएनएवरच्या त्याच्या जागेवरून त्याला ओढून काढतो. २००५ साली उंदरांच्या पेशींत हे दाखवलं गेलं. ही पकड बसायला टी-बेटच्या एका टायरोसिनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीवर) फॉस्फेट चढावं लागतं. कुस्त्यांची मैदानं बघत वाढलेल्या तुम्हा पोरांना काय सांगायचं! मनगटच धरून ठेवलं तर गडी डाव टाकणार कसा? गडी आखाड्यात असतो, पण त्याचं काही चालत नाही.

२०२५चं नोबेल ‘फॉक्सपी-३’ला मिळालं म्हणे. हा कोण? (निवृत्त शिक्षक, तासगाव)

नोबेल माणसांनाच मिळालं, गुरुजी: मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना. फॉक्सपी-३ हाही गाटा-३सारखाच जनुकं चालवणारा; इतर टी पेशींना आवर घालणारी टी पेशी तो घडवतो. त्याचं जनुक बिघडलेल्या मुलग्यांत शरीर स्वतःच्याच आतड्यावर, त्वचेवर, स्वादुपिंडावर उलटतं.

गंमत पुढेच आहे. टीजीएफ-बीटा हा एकच संदेश फॉक्सपी-३लाही उठवतो आणि दाह पेटवणाऱ्या आरओआर-गामा-टीलाही. शांततेच्या काळात फॉक्सपी-३ आरओआर-गामा-टीला धरून ठेवतो. इंटरल्यूकिन-६ आलं की स्टॅट-३च्या जोरावर पारडं फिरतं आणि तीच कोवळी पेशी दाह पेटवणाऱ्या टीएच-१७ प्रकाराच्या वाटेला लागते.

रोज हळद-दूध घेतल्यास टी पेशी वाढतील का? (हळद व्यापारी, सांगली)

कुठल्या वाढवू? टीएच-२ वाढल्या तर शिंका, टीएच-१७ वाढल्या तर सोरायसिस. शिवाय हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. दूध आवडीनं प्या, धंद्याला माझ्या शुभेच्छा.

मुलाला ॲलर्जीचा दमा आहे. त्याच्या टीएच-२ पेशी टीएच-१ करून टाकता येतील का? (द्राक्ष बागायतदार, विटा)

मुरलेल्या पेशीत ते अवघड असतं. गाटा-३नं आपल्या जनुकांभोवतीचा डीएनए उघडा करून ठेवलेला असतो आणि इंटरफेरॉनच्या जनुकाची जागा बंद झालेली असते. गाटा-३ केंद्रकात बसतो, तिथं औषध पोचवणंही कठीण. म्हणून वाट बाहेरून अडवतात. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा ग्राहीच, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागाच, झाकतं. मग स्टॅट-६ शांत राहतो आणि गाटा-३ला मिळणारं खतपाणी तुटतं. ते महाग आहे आणि प्रत्येक दम्याला लागतही नाही. मुलाला लागेल का, ते छातीच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. तोवर त्याचा पंप बंद करू नका. आणि औषध फवारणीच्या दिवशी त्याला बागेत नेऊ नका.