केरसुणीला कुंकू का लावलं

मनू बाळा,

मंगळवारी रात्री झोपताना तू विचारलंस आणि मी "उद्या सांगते" म्हणून दार लोटून घेतलं, तो उद्या काय आलाच नाही, म्हणून आता लिहूनच काढते, तेवढंच तुझं मराठी वाचन पण होईल. तुझा प्रश्न असा होता की आई, तू लक्ष्मीपूजनाला त्या नव्या झाडूला हळदकुंकू लावलंस, फूल वाहिलंस, नमस्कार केलास, पण अर्धा तास आधी तोच झाडू आपटून "ह्या जिन्यानं माझा जीव खाल्लाय" म्हणत होतीस, मग खरं कुठलं? आणि व्हॅक्यूम क्लीनरला का नाही लावलंस?

दोन्ही खरं गं.

यंदा दिवाळीचा घोळच होता की नाही, इथं मंदिराच्या ग्रुपवर सगळे 20 ऑक्टोबर म्हणत होते, आपलं कालनिर्णय 21 म्हणत होतं, आणि सुट्टी दोन्ही दिवशी नव्हती. ऑफिसात मीटिंगा, तुझी शाळा, करंज्या रात्री 11 ला तळायला घेतल्या तर निम्म्या तेलातच उलल्या आणि सगळं सारण कढईत, वर तुझ्या बाबांनी विचारलं की विकतच्या मिळत नाहीत का (ते नंतर बोलू). आणि त्यातच दाराच्या हँडलला केरवोखची पाटी. म्हणजे ह्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि बाहेरचा फुटपाथ झाडायची पाळी आपली. स्टुटगार्टात नवीन आले तेव्हा हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि मला वाटलं मराठीच आहे, केर काढायचा आठवडा! जर्मनमध्ये पण त्याचा अर्थ झाडलोटीचा आठवडाच निघाला, मी एकटीच हसत बसले होते. आता हसू येत नाही, पाटी बघितली की पोटात गोळा येतो.

तर केरसुणी. आपल्याकडं तिला लक्ष्मीच म्हणतात. पाय लागला तर वाकून हात लावून नमस्कार करायचा, दिवेलागणीला केर काढायचा नाही, आणि लक्ष्मीपूजनाला नवी आणून पाटाजवळ ठेवायची, साळीच्या लाह्या, बत्तासे, धने-गूळ यांच्या शेजारी. बेळगावात दिवाळीच्या आधी गणपत गल्लीत, खडेबाजारात गर्दीतनं वाट काढत ती घ्यायला लागायची. शिंदीच्या पानांची असते ती, पानं वाळवून, चिरून, मुठीला आवळून बांधलेली, आणि हे काम पिढ्यान् पिढ्या मातंग समाजातल्या लोकांनी केलंय. आमच्या येळ्ळुरात एक मावशी डोक्यावर भारा घेऊन दारात यायच्या, आज्जी त्यांच्याकडनं दोन घ्यायची, पैशाबरोबर सुपातनं भात आणि वर फराळ. आम्ही तिला साळुता म्हणायचो, केरसुणी हा पुस्तकातला शब्द.

तू आज्जीला फक्त व्हिडिओ कॉलवर सोफ्यावर बसलेली बघितलीयस. माझ्या लहानपणी दिवाळी आणि सुगी एकत्रच यायची. लवकरचं भात कापून पडलेलं, वरनं परतीचा पाऊस कधी गाठेल नेम नाही, आणि घरात फराळ. आम्हा पोरांचं काय, अंगणात मातीचा किल्ला, येळ्ळूर गडाची नक्कल करायची, नाहीतर पाडव्याला बेळगावात गवळी लोकांच्या शिंगं रंगवलेल्या म्हशी पळताना बघायला मामाच्या मागं लागायचं. आज्जीला मात्र बसायला मिळायचं नाही.

एका वर्षीचं मला नीट आठवतंय. मळणी होऊन पोती भरून घरात गेली होती, माणसं पण गेली, अंधारून आलेलं. आज्जी एकटीच खळ्यावर वाकून साळुता घेऊन कडेनं झाडत येत होती, हळूहळू, गोल. मला वाटलं केर काढतीया. जवळ जाऊन बघितलं तर मातीत, भेगांत, सारवलेल्या शेणाच्या पापुद्र्याखाली अडकलेले दाणे ती मधे ओढत होती. पोत्यात कायच येणार नाहीत असले दाणे. मला म्हणाली, "काय बघूलीस गे, सूप घेऊन ये की." मग पाखडलं, माती उडाली, खडे निवडले, आणि दोन-तीन शेर भात निघालं. झाडल्याशिवाय ते गेलंच असतं, चिमण्यांना नाहीतर पावसात.

त्याच रात्री लक्ष्मीपूजन. आज्जीची कंबर धरलेली, चूल पेटत नव्हती, आजोबांवर कावलेली, "सगळ्यांची दिवाळी आणि माझी मढ्याची" असं पुटपुटत, पुटपुटतच तिनं नव्या साळुत्याला कुंकू लावलं, आणि मग मागच्या दाराआड जाऊन त्या जुन्याला पण लावलं, खळ्यावरच्या. नव्याला सगळेच लावतात. जुन्याला का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "त्यानंच झाडलं न्हवं?" आणि परत चुलीला शिव्या घालायला गेली. चेहरा तसाच, चिडलेला.

मंगळवारी माझा चेहरा पण तसाच होता, तू बघितलास. दुकानातनं आणलेला साधा झाडू, लाकडी दांड्याचा, त्याला शिंदी नाही की काय नाही, पण चार मजले त्यानंच झाडले. माझा राग त्याच्यावर नव्हताच, खरं तर जिन्यावर पण नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या आज्जींनी बुधवारी बाहेर ठेवलेला झाडू बघून विचारलं की हा लाल डाग कसला, रंगकाम काढलंय का. मी समजावलं. त्या म्हणाल्या त्यांची पाळी पुढच्या आठवड्यात आहे, तोच झाडू वापरला तर चालेल का. दिलाय मी. पाटी पण त्यांच्याच दाराला लावून आले, सुटले.

व्हॅक्यूम क्लीनरचं खरं कारण सांगू? खंडेनवमीला गाडीला लावलं, मिक्सरला लावलं, लॅपटॉपला लावलं, तो कपाटात मागं कोटांच्या आड होता, राहून गेला. कुंकवाचा करंडा ओट्यावरच आहे, तूच लाव. प्लगपाशी नको फक्त, वरच्या झाकणावर लाव.

तुझी आई