दुसरीतल्या मुलाला बाराखडी तोंडपाठ आहे, पण शब्द वाचता येत नाहीत. शिकवणी लावावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा कळंबजवळच्या शाळेत दुसरीला आहे, बाराखडी घडाघडा म्हणतो, पण ‘कागद’ दिसला की अडतो आणि कसाबसा वाचलाच तर अर्थ सांगता येत नाही. शिकवणीचं शेवटी बघू. आधी बाराखडीचं बोलतो, कारण ‘आधी बाराखडी की आधी शब्द’ हे भांडण आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी होतं.

बाराखडी म्हणता येणं वेगळं, अक्षर ओळखणं वेगळं. कागदावर मो, ती, नु, के, सा, रू अशी दहाएक अक्षरं विस्कटून लिहा आणि विचारा. ‘के’पर्यंत पोचायला पोरगं ओठातल्या ओठात क, का, कि, की करत येत असेल तर त्याला नुसती चाल पाठ आहे. छत्तीस गुणिले बारा म्हणजे चारशे बत्तीस आकार एवढ्याशा लेकराने एकही शब्द न वाचता आधी घोकायचे, हा हट्ट कशासाठी?

आता ‘कागद’ कुठे अडतो ते पाहा. शाळेत त्याला ‘क ला काना का, ग, द’ असं म्हणायची सवय लावलेली असते. एवढं म्हणून ‘द’पर्यंत येईतो सुरुवातीचा ‘का’ डोक्यातून गेलेला असतो. मग ते शेवटचं ऐकू आलेलं धरून काहीतरी ठोकून देतं. काना-वेलांटीची ही जपमाळ आजपासून बंद करा. अक्षरावर बोट, थेट ‘का’, बोट सरकवून ‘ग’, मग ‘द’, आणि मध्ये श्वास न तोडता ‘कागद’.

सुरुवात अनुक्रमाने करू नका. म, क, ल, न आणि काना एवढंच घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाच्या दोन अशा दहा चिठ्ठ्या होतात. त्यांतून काम, नाक, कान, मका, माल, लाल, मामा, काका निघतात. हे हातात बसलं की र, ब, स, त. मग बस, रस, सात, तार, बारा. भ आणि म, घ आणि ध, प आणि ष एकाच आठवड्यात आणू नका, गोंधळ कायमचा बसतो. ‘ख’ला ‘रव’ वाचणारी पोरं चौथीतही सापडतात.

मात्रांमध्ये आधी दीर्घ वेलांटी घ्यावी. ती अक्षराच्या मागे लागते, वाचायला सरळ. ऱ्हस्व वेलांटी उशिरा, कारण दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. ‘विहीर’मध्ये पोरं तिथेच ठेचकाळतात. जोडाक्षरांत आधी गल्ली, पक्का, पत्ता. रफार सगळ्यात शेवटी. ‘वर्ग’मध्ये तो बसतो ‘ग’वर आणि म्हणायचा ‘ग’च्या आधी, हे मोठ्यांनाही लिहिताना जमत नाही.

रोज पंधरा मिनिटं पुरे. चित्र असेल तर वाचताना झाकून ठेवा.

आता अर्थाचं. एक पोरगं ‘शेत’ शब्दावर बोट ठेवून ‘वावर’ म्हणतं. त्याला कळलंय, पण त्याने वाचलेलं नाही. चित्र बघून ओळखलं. दुसरं ‘गलबत’ खणखणीत वाचतं आणि गलबत म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसतं. काना-मात्रा नसलेल्या शब्दांच्या यादीत हा शब्द हटकून असतो, आणि आमच्याकडच्या लेकराने समुद्र पाहिलेला नसतो. ‘स-र-ब-त’ म्हणता म्हणता तेच लेकरू एकदम ‘सरबत!’ म्हणून मोकळं होतं, कारण शब्द आधीपासून कानात असतो. मधला ‘र’ पाय मोडल्यासारखा, ‘सर्-बत’ असा म्हणायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ‘गलबत’ला कानाची मदत नाही, म्हणून ते चार सुटी अक्षरंच राहतात. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 साली हाच हिशेब मांडला: वाचन म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक शून्य असलं की गुणाकार शून्य. शाळेत मात्र ‘वावर’वाल्याला रागावतात आणि ‘गलबत’वाल्याला शाबासकी. दोघांनाही काम हवंय, वेगवेगळं. पहिल्याला ‘शे’ आणि ‘त’वर बोट ठेवून परत वाचायला लावा, दुसऱ्याशी शब्दाबद्दल बोला. वाचून झाल्यावर ‘काय झालं सांग’ विचारा आणि उत्तर ‘पाणी आणायलाय’ अशा घरच्या बोलीत आलं तर तिथे शुद्ध भाषेचा आग्रह नको. तांड्यावरच्या लमाणी किंवा घरी दखनी बोलणाऱ्या लेकरांशी तर आधी पुष्कळ गप्पाच मारायला हव्यात.

परिषदेतले आमचे एक ज्येष्ठ गुरुजी दर वेळी म्हणतात, ‘आम्ही बाराखडीवरच शिकलो ना?’ शिकलात, मान्य. पण त्याच वर्गातले जे शिकले नाहीत ते चौथीच्या आत गुरांमागे गेले, ते परिषदेत बोलायला येत नाहीत.

बाराखडीचा तक्ता मात्र फेकू नका. वीसेक अक्षरं मात्रांसकट ओळखू लागला की तो भिंतीवर उपयोगी पडतो. निपुण भारत या सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द म्हटलंय, त्यासाठी घड्याळ लावून बसू नका. पोरं ‘बाजार’चं ‘बाजरी’ करून पळतात. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. ऊसतोडीला दिवाळीनंतर लेकरू सोबत नेत असाल तर चिठ्ठ्या पिशवीत टाका, कोपीवरही, तिथल्या झोपडीतही, पंधरा मिनिटं निघतात.

शिकवणी लावायचीच असेल तर बाईंना विचारा, पहिल्या आठवड्यात काय घेणार? ‘आधी बाराखडी पक्की करून घेते’ म्हणाल्या तर पैसे खिशातच राहू द्या.