स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारलेल्या टेबलावर खड्डा पडलाय आणि एका जागी टवका उडालाय. घरी दुरुस्त होईल का?
हो, दोन्ही घरी होतं, पण इलाज वेगळे: दबलेला खड्डा वाफेने वर येतो, टवका मात्र भरावाच लागतो. खड्ड्यात लाकडाचे तंतू फक्त चेपलेले असतात, पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगून बरेचसे जागेवर येतात. टवक्यात तंतूच निघून गेलेले असतात. खड्ड्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाचेक मिनिटं मुरू द्या. मग ओलं करून पिळलेलं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक काही सेकंदच टेकवा. फडकं कोरडं पडू देऊ नका. बोट फिरवून बघत तीन-चारदा करा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पॉलिश पेपर अजिबात मारू नका. टवक्यात बहुतेकांची चूक एकच होते: फिलर (लाकडातल्या खाचा भरायचा लगदा) भरून वरून स्टेन लावतात. फिलर लाकडासारखा स्टेन पीत नाही, त्यामुळे डाग उठून दिसतो. रंगीत फिलर किंवा मेणकांडीच घ्या, लाकडातल्या सर्वांत फिकट छटेची, आणि गडद रेषा बारीक ब्रशने वरून ओढा. नजर त्या रेषांवरच जाते, म्हणून हे काम सावकाश करा. एक अट आहे: टेबलाच्या कडेला पातळ थर चिकटवल्याची रेघ दिसली तर ते विनियर आहे, तिथे इस्त्री नको, गोंद सुटतो. भरीव लाकडावरही वाफेने पॉलिश पांढरट पडू शकतं, म्हणून आधी खालच्या बाजूला करून बघा.