कोपराचं नंतर सांग, पुढे कोण होतं ते आधी सांग

"मॅडम, हिच्यात नॅचरल टॅलेंट आहे की नाही, तेवढं एकदा सांगा. म्हणजे आम्हाला पुढचं ठरवता येईल."

मी समुपदेशक. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मैदानावरच्या मुलांचे आईवडील विचारतात, मुलं विचारतात, एकदोन प्रशिक्षकांनीही चहा पिता पिता विचारलाय. धावणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हल्ली मोबाइल पुढे करूनच तो विचारला जातो. "हे बघा ना, कशी पळते. फॉर्मच नाही." फॉर्म म्हणजे धावण्याची ढब. मग मी तो व्हिडिओ बघते. मला त्यातलं फार कळत नाही, आणि टॅलेंट मोजायचं यंत्रही माझ्याकडे नाही. व्हिडिओ चालू असताना मुलगी कुठे बघते आहे, ते मात्र मी नीट बघते. बहुतेक जणी जमिनीकडे बघत असतात.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. नावगाव देत नाही. आठशे मीटर पळते म्हणून तिला आठशेवाली म्हणू. वय सोळा. तालुका, जिल्हा, विभाग असं करत राज्य स्पर्धेसाठी बालेवाडीला जाऊन आलेली. वेळ दोन मिनिटं चोवीस सेकंदांच्या आसपास येऊन थांबलेली. धावताना उजवं कोपर बाहेर फेकलं जातं आणि दमली की मान डावीकडे कलते. एका स्पर्धेत कुणीतरी तिचे शेवटचे शंभर मीटर मागून टिपले, स्लो मोशन करून ग्रुपवर टाकले. खाली हसणाऱ्या स्मायली आल्या आणि एका जाणत्या माणसाचा शेरा: "स्टॅमिना आहे, पण नॅचरल रनर नाही."

त्या शेऱ्यानंतर तिच्या पप्पांनी घरात भिंतीवर मोठा आरसा लावला. रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर उभी राहून हात मारायची, कोपर अंगाला घासेल असं. आरशात हात सुधारला. मैदानावर वेळ सत्तावीसवर गेली.

पप्पा एसटीत कंडक्टर. तरुणपणी पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेले, ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. म्हणाले, "साबळेसारखं अंगातच असावं लागतं, मॅडम. नसेल तर हिला सरळ भरतीच्या तयारीला लावतो. तिथंही पोरींना आठशेच पळायचंय."

"भरतीत फॉर्म बघतात का?"

"छे. टायमिंग बघतात."

"आणि बालेवाडीला?"

ते हसले. "पण मोठ्या लेव्हलला लागतोच ना?"

फॉर्म काहीच नसतो असं मी म्हणत नाही. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत असेल तर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. खांदे कानाला भिडले की दम लवकर संपतो. पण हे बहुतेक आरशासमोर सुटत नाही. वर्ष-दोन वर्षं मैल मोजले, चढावर पळाले, पोट-कमरेची ताकद वाढली की बरंचसं आपोआप बसतं. जे बसत नाही ते त्या शरीराचं असतं. हात हे पायांचा तोल सांभाळतात. एक कोपर बाहेर जात असेल तर ते खाली कशाची तरी भरपाई करत असतं, म्हणून एकट्या कोपराला दटावून उपयोग नाही. मी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पायात, कमरेत दुरुस्त करण्यासारखं काही निघालं नाही.

आता साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीकडे वळला तो लष्करात भरती झाल्यानंतर, विशी ओलांडल्यावर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य घेतलं. सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. तो सोळा वर्षांचा असताना त्याचा व्हिडिओ बघून कुणी काय सांगितलं असतं? आणि फॉर्मचंच म्हणाल तर चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आठवा. लांब पल्ल्याचा गडी, मधल्या अंतराचा नव्हे, पण उदाहरण लागू आहे. मान हलतेय, तोंड वेडंवाकडं झालंय, बघणाऱ्याला वाटावं आता कोसळतो. या माणसाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं नेली. आपल्या श्रीराम सिंगने १९७६ साली माँट्रियलच्या आठशेच्या अंतिम शर्यतीत १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ दिली. तो सातवा आला, पण हा राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत टिकला. विक्रमांच्या यादीत फॉर्मचा रकाना नसतो.

पप्पांना हे पटलं. त्यांनी आरसाही काढला. मुलीवर मात्र काही परिणाम नाही. ती म्हणाली, "ते झाटोपेक होते, मॅडम." बरोबर होतं तिचं. थोरामोठ्यांच्या गोष्टींनी पालकांना धीर येतो. मुलांना त्या बहुधा दुसऱ्या कुणाच्यातरी वाटतात.

मग आम्ही मोठी माणसं बाजूला ठेवली. तिला एक दिवस आमच्या इमारतीचा जिना उतरायला लावला, एकदा सहज, आणि एकदा प्रत्येक पायरीला गुडघा कसा वाकतोय, टाच कुठे टेकतेय याकडे लक्ष देत. दुसऱ्या खेपेला ती कठड्याला धरून उतरली. धावपटूंच्या बाबतीत हे प्रयोगशाळेत मोजलं गेलंय: श्वासाकडे किंवा पायांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं की त्याच वेगाला शरीर जास्त ऑक्सिजन वापरतं, लक्ष आजूबाजूला असलं की कमी. तिने मान डोलावली. पण तिला नुसतं कळलं होतं, त्यातून हललं काहीच नव्हतं. हा फरक आमच्या धंद्यात चेहऱ्यावरून समजतो.

हललं ते पुढच्या एका भेटीत. मी म्हटलं, "विभागाची रेस सांग. सुरुवातीपासून."

तिने डोळे मिटले आणि घडाघडा सांगायला लागली. "पहिलं वळण लेनमध्ये. हात बरोबर होता. सरळ रस्त्याला पण बरोबर. अडीचशेला कोपर बाहेर जायला लागलं, मी आत ओढलं. मग मान. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मान सरळ होती, पण बोटांच्या मुठी झाल्या होत्या, त्या सोडल्या. पाचशेला परत कोपर..."

"पाचशेला तुझ्या पुढे कोण होतं?"

ती थांबली. डोळे उघडले.

"किती जणी होत्या?"

"तीन. नाही, चार असतील."

"त्यांच्यातली दमलेली कोण वाटत होती?"

बराच वेळ ती टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा मोह फार होतो. समोरच्याच्या मनात जे जुळत असतं ते आपल्या तोंडून आधी निघालं की त्याचं मोल निम्मं होतं. नवीन सहकाऱ्यांना मी एवढं एकच घोकून घ्यायला सांगते.

मग ती म्हणाली, "मी कुणाला बघितलंच नाही. मला सगळा वेळ तो व्हिडिओ दिसत होता. मागून काढलेला."

प्रत्येक शर्यतीत ही मुलगी दोन कामं करत होती, पळायचं आणि स्वतःच्या मागे उभं राहून स्वतःवर शेरा मारायचा. दुसऱ्या कामातच बहुतेक शक्ती जात होती. दोष कोपराचा नव्हता. कोपर बाहेर गेलं की मनात एक वाक्य उमटायचं: फॉर्म चांगला असलाच पाहिजे, नसेल तर मी खरी धावपटू नाहीच. ते वाक्य तिला मागे खेचत होतं. मी विवेकनिष्ठ पठडीत वाढलेले, म्हणजे माणसाला घटनेपेक्षा मनातली हट्टी वाक्यं जास्त छळतात असं मानणाऱ्या, त्यामुळे मला अशी वाक्यं लवकर ऐकू येतात, हे मान्य करते. दुसऱ्या पठडीतल्या कुणी कदाचित आधी बापाच्या हुकलेल्या भरतीकडे बघितलं असतं, आणि तेही चूक ठरलं नसतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला येत्या हंगामात पळायचं असतं. बापाचं आयुष्य उलगडेपर्यंत ती थांबू शकत नाही.

तिच्याकडून वहीत तीन ओळी लिहून घेतल्या. माझा हात बाहेर जातो. मला ते आवडत नाही. तरी मी आठशे पळू शकते. काही दिवसांनी तिने मधली ओळ खोडून आणली. म्हणाली, "खरं तर मला त्याचं काही वाटत नाही. ग्रुपवाल्यांना वाटतं." मी लिहून घेतलेल्यापेक्षा तिने खोडलेलं जास्त बरोबर होतं.

नंतर आम्ही दोघींनी मोबाइलवर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधली आठशेची अंतिम शर्यत पाहिली. ब्रिटनचा सेबॅस्टियन को त्यात होता. पळणं इतकं डौलदार की बघतच राहावं. आदल्या वर्षी त्याने ४१ दिवसांत तीन जागतिक विक्रम केले होते, त्यात आठशेचा १ मिनिट ४२.३३ सेकंदांचाही. यापेक्षा नॅचरल काय असायचं? शर्यत सुरू होताना मी तिला विचारलं, कोण जिंकेल? तिने लगेच को दाखवला. पहिली फेरी संपायच्या आत ती खुर्चीत पुढे सरकली. "अहो, हा मागे का राहिलाय? आणि बाहेरून का पळतोय?" शेवटच्या वळणानंतर तो झेपावला, पण तोवर ब्रिटनचाच स्टीव्ह ओव्हेट निसटला होता. ओव्हेट १:४५.४०, को १:४५.८५. विक्रमवीर स्वतःच्या विक्रमापेक्षा साडेतीन सेकंदांनी मागे, कारण त्या दिवशी त्याने शर्यत वाचलीच नाही. (सहा दिवसांनी पंधराशेत त्याने सुवर्ण घेतलं, हेही तिला सांगितलं. अर्धी गोष्ट सांगून मुलांना फसवू नये.)

"बाहेरून का पळतोय" हे तिने स्वतः ओळखलं म्हणून मी विचारलं, "तू कुठून पळतेस?"

"दुसऱ्या लेनमधून. आत गर्दी असते. माझं कोपर लागेल कुणाला."

मी तिच्या सरांना फोन केला. या गृहस्थांनी तिला फॉर्मवरून कधी बोल लावला नव्हता, आणि तिच्या घरात आरसा आलाय हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कागदावर गणित करून पाठवलं. एक लेन १.२२ मीटर रुंद. एक वळण पहिलीऐवजी दुसऱ्या लेनमधून घेतलं की जवळपास पावणेचार मीटर जास्त पळावं लागतं. आठशेत पहिलं वळण ज्याच्या त्याच्या लेनमध्ये असतं, त्यानंतर तीन उरतात. म्हणजे साडेअकरा मीटर. तिच्या वेगाने दोन सेकंद. वर्षभर आरशात शोधलेले दोन सेकंद तिथे पडले होते, आणि तेही कोपराची लाज वाटते म्हणून.

त्यानंतर तिला एकच नेम घालून दिला. शर्यत संपली की घरच्यांनी आणि सरांनी वेळ विचारायची नाही, हात कसा होता हेही विचारायचं नाही. आधी विचारायचं: घंटेच्या वेळी पुढे कोण होतं, कुणी वेग वाढवला, तेव्हा तू काय ठरवलंस? पप्पांना हे सगळ्यात जड गेलं. ते दोन शर्यती गप्प बसले, तिसरीला त्यांना स्वतःलाच सगळ्याजणींची नावं पाठ झाली होती.

हे वाचणाऱ्या पालकांनी आणखी दोनतीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. तेराव्या-चौदाव्या वर्षी जिंकणारी मुलं बरेचदा फक्त लवकर वाढलेली असतात. आणि मुलींचं शरीर बदलायला लागलं की एकदोन हंगाम वेळ अडकते किंवा मागे जाते. ते टॅलेंट संपणं नव्हे. या काळात मुलीचं जेवण कमी करू नका. सतत दमल्यासारखी वाटत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी थांबली आणि मैदानावर कुणी "खेळाडूंचं असंच असतं" म्हणालं, तर त्यांचं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका. धावण्याची ढब अचानक बदलली, किंवा एका बाजूला दुखत असेल, तर तो फॉर्मचा प्रश्न खरा. तेव्हा फिजिओकडे जा, ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका. आणि जनुकीय चाचणीत टॅलेंट कळतं का, हे विचारायला येऊ नका. मुलांची निवड त्यावरून करू नये, असं क्रीडाशास्त्रातल्या जाणकारांनी केव्हाच स्पष्ट सांगून ठेवलंय.

आठशेवाली त्या हंगामात राज्य स्पर्धेत चौथी आली, दोन मिनिटं एकवीस सेकंद. कोपर बाहेरच होतं, मी व्हिडिओत पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने मला फोनवर अख्खी शर्यत सांगितली, आठही मुलींची, कोण कुठल्या वळणावर ढेपाळली ते. सहाशेला आतल्या बाजूला दोघींच्या मध्ये अडकले, बाहेर पडायला वाट मिळेना, एकीचा धक्का लागला तेव्हा पाय उचलायलाच घाबरले, म्हणाली. आता त्या धक्क्याच्या भीतीवर आमचं काम सुरू आहे. सर सरावात तिला मुलांच्या घोळक्यात पळवताहेत.